मांडावर काय ठेवायचं, काय काढायचं

मागच्या अंकात याच सदरात मिनिमल नृत्यरचनेवर एक टिपण दिलं होतं. सेट नाही, कथा नाही, दागिने नाहीत. मोजक्या हालचाली आणि त्याच पुन्हा पुन्हा, असा हा नाच. त्यावर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतची पत्रं आली. बहुतेक पत्रं शेवटी पैशावर येतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून या वेळी पैशाच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

आमच्या गटाने शाळेच्या पटांगणात वीस मिनिटांचा नुसत्या चालण्या-थांबण्याचा प्रयोग केला. एक आजोबा मधेच उठून म्हणाले, “ह्येका नाच म्हणतत?” आम्हाला उत्तर देता आलं नाही. याला नाच का म्हणायचं? (कणकवली)

आजोबांचा प्रश्न रास्त आहे. तोच प्रश्न न्यूयॉर्कमध्येही विचारला गेला होता. ६ जुलै १९६२ रोजी तिथल्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये काही तरुण नर्तकांनी पहिला प्रयोग केला. चर्चची जागा होती, प्रवेश मोफत होता. पुढे त्यांच्यातल्याच स्टीव्ह पॅक्स्टनने १९६७ मध्ये ‘सॅटिस्फायिन लव्हर’ ही रचना केली. त्यात बरीच माणसं रोजच्या कपड्यांत एका बाजूने येतात, चालतात, थांबतात, खुर्चीवर बसतात, उठतात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात. एवढंच. पण कोणी किती पावलांवर थांबायचं आणि किती वेळ थांबायचं, हे कागदावर लिहिलेलं असतं.

फरक तिथे आहे. बाजारात चाललेला माणूस कुठे थांबेल हे कोणी ठरवलेलं नसतं. तुमचा नर्तक ११ व्या पावलाला थांबतो, त्याच क्षणी पलीकडचा बसतो, आणि दोघांमधली मोकळी जागा एकदम दिसू लागते. ती जागा प्रेक्षकाला दिसली तर नाच झाला. नाही दिसली तर आजोबा बरोबर.

तुमच्या प्रयोगात काय बिघडलं असेल, याचा पत्रातल्या वर्णनावरून अंदाज येतो. संगीत नसलं की माणसं नकळत एकमेकांच्या पावलांच्या ठेक्यात येतात आणि पाचव्या मिनिटाला शाळेची कवायत दिसू लागते. नजर जमिनीकडे जाते, खांदे पडतात, चेहऱ्यावर ‘गंभीर’ भाव येतो. जो तो मध्यभागी सरकतो, कारण कडेला एकटं वाटतं. शिवाय वेग वाढतो. २० मिनिटांची रचना १५ मिनिटांत आटोपते.

यावर उपाय साधे आहेत. पटांगणात ३० फूट बाय २० फूट जागा चुन्याने आखा. ३० फूट ओलांडायला बहुतेकांना १२-१३ पावलं लागतात. प्रत्येकाला वेगळा आकडा द्या: कोणाला ७, कोणाला ९, कोणाला ११. सगळ्यांचे आकडे विषम ठेवले की ठेका जुळायला वेळ लागतो. थांबण्याचा वेळ सेकंदांत नको, श्वासांत द्या; ‘सहा श्वास थांब’ म्हटलं की प्रत्येकाचा वेळ थोडा वेगळा होतो आणि चेहराही मोकळा राहतो. नजरेला ठिकाण द्या: पाण्याची टाकी, तिसरा माड, दाराची चौकट. आणि चालण्याचा अभिनय करू नका. हे सांगणं सोपं, करणं अवघड. आमच्या मते त्याला एकच तालीम आहे: हातात खरोखर भरलेली कळशी घेऊन चाला, मग कळशी काढा आणि तसंच चाला.

उभं राहण्याबद्दल एक इशारा. बराच वेळ स्तब्ध उभं राहताना गुडघे मागे ताठ लॉक केले तर पोटऱ्यांचे स्नायू काम करेनासे होतात, रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. कोकणातल्या उकाड्यात तर हमखास. गुडघे किंचित सैल, वजन टाचेवरून थोडं पुढे, तालमीआधी पाणी. पहिल्या आठवड्यात ३ मिनिटांच्या वर जाऊ नका.

सगळं मिनिमल एकच का? इंटरनेटवर काही ठिकाणी नर्तक अजिबात हलत नाहीत, काही ठिकाणी तासभर गिरक्याच घेतात. (अलिबाग)

एक नाही. निदान दोन वाटा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली वाट म्हणजे कसब दाखवणं नाकारणारी. जडसनच्याच गटातल्या इव्हॉन रेनरचं ‘ट्रायो ए’ (१९६६) जेमतेम पाच मिनिटांचं आहे. त्यात एकही हालचाल पुन्हा येत नाही, कुठेही चढण नाही, सम नाही, टाळीची जागा नाही, आणि नर्तकाची नजर प्रेक्षकांना कधीच भिडत नाही. हालचाली मोजल्या तर ती रचना भरगच्च आहे. काढून टाकलंय ते दिखाऊपण. दुसरी वाट पुनरावृत्तीची: थोडं घ्यायचं आणि ते इतक्या वेळा करायचं की बारीक फरक डोळ्यात भरावा. अमेरिकेच्या ल्युसिंडा चाइल्ड्स आणि बेल्जियमच्या आन तेरेसा दे कीर्समाकर या नृत्यरचनाकार त्या वाटेवरच्या. गिरक्या पाहिल्यात त्या बहुधा यांच्याच कुळातल्या.

आपल्याकडे नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांनी १९८५ च्या ‘अंगिका’मध्ये भरतनाट्यम, कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग यांना एकत्र आणताना देवादिकांच्या कथा बाजूला ठेवल्या आणि शरीराची रेषा पुढे आणली. त्यांच्या गटात दहा वर्षं नाचलेल्या चेन्नईच्या पद्मिनी चेत्तूर यांचं काम आणखी संथ आणि आणखी कोरडं आहे. परंपरेतलं काय काढायचं याचा विचार करणाऱ्याने आधी या दोघींकडे पाहावं, मग न्यूयॉर्ककडे.

दशावतारात एका बाकड्यावर अख्खी लंका उभी राहते. मग मिनिमल आमच्याकडे आधीपासून आहेच की! (कुडाळ)

बाकड्याची गोष्ट खरी. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. पण धयकाल्यातला, म्हणजे दशावतारी खेळातला, राजा पेटाऱ्यातून मुकुट, भुजबंद, रंग सगळं काढून नटतो, आणि बोलतो तर रात्रभर. त्याची काटकसर सेटपुरती आहे. जाखडीतली फेऱ्यांची पुनरावृत्ती किंवा डहाणू-जव्हारकडचा तारपा नाच मिनिमलला जास्त जवळचा. तारपा वाजवणारा सूर बदलतो तशी साखळीतली पावलं बदलतात आणि कोणी एक जण ‘मुख्य’ नसतो. तरीही आम्ही त्याला मिनिमल म्हणणार नाही. ते नाच ज्यांचे आहेत त्यांनी काहीही वजा केलेलं नाही. त्यांच्या लेखी तो पूर्ण नाच आहे. त्यांच्याकडून शिका, नाव मात्र त्यांचंच राहू द्या.

आमचा पाच जणांचा गट आहे. दोन वादळं आणि चिपळूणचा पूर यानंतर वर्गणी जवळपास बंद झाली. एका महोत्सवाने कळवलं, “तुमचं काम मिनिमल आहे, खर्च काहीच नाही, तेव्हा मानधन देता येणार नाही, प्रवासखर्च देऊ.” आम्ही हो म्हणावं का? आणि कमी साधनांचा नाच हे खरंच राजकारण आहे की फक्त नाइलाज? (चिपळूण)

मानधनाशिवाय हो म्हणू नका. का, ते हिशोबाने सांगतो.

आमचा ठोकताळा असा, की पुनरावृत्तीच्या रचनेत तयार झालेल्या एका मिनिटामागे किमान तीन तास तालीम लागते. कपडेपट, सेट, कथा या आधारांमागे चूक लपते. इथे लपायला जागा नाही. २० मिनिटांची रचना म्हणजे ६० तास. पाच जण म्हणजे ३०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेसदतीस हजेऱ्या. आता तुमच्या गावात आंबा काढणीच्या गड्याला आज जी हजेरी मिळते तिला साडेसदतीसने गुणा. तो आकडा कागदावर लिहा आणि त्या महोत्सवाला पाठवा. ‘खर्च काहीच नाही’ या वाक्यातलं ‘काहीच’ म्हणजे तुमची हजेरी.

राजकारण आहे ते इथे. सामान कमी करणं ही नाचाची निवड आहे. माणसाचा मोबदला कमी करणं ही दुसऱ्या कोणाची तरी सोय आहे. मंदीच्या काळात या दोन गोष्टी मुद्दाम किंवा नकळत एकमेकींत मिसळल्या जातात. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारने संस्कृतीवरच्या खर्चात सुमारे २० कोटी युरोंची कपात जाहीर केली. अशा वेळी एकल प्रयोग, मोकळा रंगमंच, एक बॅग घेऊन प्रवास करणारा नर्तक, हे सगळं आयोजकांना फार सोयीचं होतं. साधेपणाचं कौतुक वाढतं आणि त्याच पत्रात मानधन घटतं. ज्या नाचाने झगमगाटाला ‘नाही’ म्हटलं, त्याच नाचाचा वापर कलावंताला ‘नाही’ म्हणायला होतो. म्हणून रचना जितकी उघडी-वाघडी, तितकं तुमचं अंदाजपत्रक सविस्तर हवं.

हलाखीच्या काळात याच्या उलटही घडलेलं आहे आणि ते तुमच्या हाती असावं. महामंदीत, १९३२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ‘न्यू डान्स ग्रुप’ सुरू झाला. तिथे १० सेंटांत तीन तास मिळायचे: एक तास तंत्र, एक तास एखाद्या सामाजिक विषयावर उत्स्फूर्त हालचाल, एक तास चर्चा. शिकणाऱ्याला परवडेल असा दर आणि शिकवण्याचा तास मात्र पुरा. १९३६ मध्ये अमेरिकी सरकारने रोजगार योजनेखाली ‘फेडरल डान्स प्रोजेक्ट’ काढला आणि बेकार नर्तकांना नाचण्याचं वेतन दिलं. रस्ते बांधणाऱ्यांना मिळतं तसं. आपल्याकडे २५ मे १९४३ रोजी मुंबईत इप्टाची (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन) स्थापना झाली ती बंगालच्या दुष्काळाच्या काळात. शांती बर्धन यांच्यासारखे नर्तक तिच्या मध्यवर्ती पथकात एकत्र राहून काम करत होते, आणि इप्टाची पथकं गावोगाव फिरून दुष्काळग्रस्तांसाठी पैसे उभे करत होती. यांतलं सगळं काम मिनिमल होतं असं मुळीच नाही. पण ‘वाईट दिवसांत नाच कशाला’ असं कोणी विचारलं तर ही उदाहरणं पुढे ठेवता येतात.

आता व्यवहार. महोत्सवाला उत्तर देताना अंदाजपत्रकाचे चार रकाने करा. तालमीचे तास, प्रयोगाचे तास, प्रवास-जेवण-मुक्काम, आणि वस्तू. वस्तूंच्या रकान्यात शून्य आलं तरी ते शून्य लिहा. वाचणाऱ्याला कळू द्या की बाकीचे तीन रकाने शून्य नाहीत. तालमीचे ६० तास एकाच प्रयोगावर टाकू नका. सहा प्रयोग करायचे ठरवून प्रत्येक प्रयोगावर १० तास लावा. हा आकडा मागायला हलका पडतो आणि खराही आहे. पैसे खरोखरच नसतील तर त्यांच्याकडे जे आहे ते मागा, पण लेखी मागा: महिनाभर तालमीला जागा, चार दिवसांचं जेवण, प्रयोगाचं चित्रीकरण. आणि मानधन पाचही जणांना सारखं. ज्याच्या नावावर रचना आहे त्याने जास्त घ्यायचं ठरलं असेल तर ते तालीम सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर सांगावं, नंतर नाही. गट फुटतात ते बहुतेक वेळा इथेच.

एक गोष्ट आमच्या बाजूची, म्हणजे रचनाकारांच्या बाजूची. ‘स्थानिक ४० जणांना घेऊन चालण्याचा प्रयोग’ अशी कल्पना ऐकायला लोकशाहीची वाटते. त्या ४० जणांचा दिवस कोण भरून देतं? मासेविक्री सोडून आलेल्या बाईचा तो दिवस फुकट गेला तर तुमच्या रचनेतलं समानतेचं चित्र खोटं आहे. चाळीस जणांना देता येत नसेल तर आठ जण घ्या.

तालमी कधी, हेही पैशाशीच जोडलेलं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी मोकळे असतात असं बाहेरून वाटतं. पण ज्यांची थोडी शेती आहे ते तेव्हा लावणीत असतात, आणि पटांगणं पाण्याखाली. गणपतीआधी भजनाच्या तालमी. मार्च ते मे आंबा-काजू, मधेच शिमगा. भातकापणी उरकल्यापासून फेब्रुवारीपर्यंतची वेळ सगळ्यांत कमी हजेरी बुडवणारी. आठवड्याला तीन संध्याकाळी, दोन-दोन तास धरले तर ६० तासांना दहा आठवडे लागतात. डिसेंबरच्या सुरुवातीला आरंभ केला तर फेब्रुवारीच्या मध्याला प्रयोग.

ढोलकीवर दोघांनी एकच चाल वेगवेगळ्या वेळी करायची, मग पुन्हा जुळायची, असं करून पाहतोय. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला गोंधळ होतो. (संगमेश्वर)

तुम्ही जे करताय त्याला ‘फेज’ म्हणतात. स्टीव्ह राइख या संगीतकाराने १९६० च्या दशकात ते संगीतात आणलं, आणि दे कीर्समाकर यांनी १९८२ मध्ये त्याच्याच संगीतावर ‘फाझ’ ही रचना केली. दोन नर्तकी एकच हालचाल करतात, एक अगदी किंचित पुढे सरकते, आणि त्यातून सावल्यांसारखे नवे आकार तयार होतात. तिथलं सरकणं हळूहळू, मात्रेच्याही आतलं असतं. ते तुम्ही सध्या सोडा. पायरीपायरीने सरकायला शिका.

केरव्याच्या आठ मात्रा घ्या. दोघांची चाल तीच, उजव्या पायाने सुरू होणारी, मात्रेला एक पाऊल. पहिला नर्तक आठ मात्रांचं आवर्तन करत राहतो. दुसरा दर वेळी शेवटची मात्रा गाळतो, म्हणजे सातांचं आवर्तन. पहिल्याची सात आवर्तनं आणि दुसऱ्याची आठ होतात तेव्हा दोघे ५६ व्या मात्रेनंतर पुन्हा समेवर भेटतात. मिनिटाला ९६ मात्रांची लय ठेवली तर ही फेरी बरोबर ३५ सेकंदांची.

गोंधळाचं पहिलं कारण पायात आहे. सात पावलं विषम आहेत, त्यामुळे दुसऱ्याचं पहिलं आवर्तन उजव्याने सुरू झालं की दुसरं डाव्याने होतं, तिसरं पुन्हा उजव्याने. त्याने चाल फक्त उजव्याने बसवलेली असेल तर दुसऱ्याच आवर्तनाला पाय अडखळतो, तो एक जादा पाऊल टाकून सावरतो, आणि तिसऱ्या-चौथ्यापर्यंत हिशोब गेलेला असतो. तेव्हा चाल आधी दोन्ही पायांनी बसवा. पन्नास वेळा उजव्याने, पन्नास वेळा डाव्याने, एकट्याने. ५६ सम असल्यामुळे भेटीच्या वेळी तो आपोआप उजव्या पायावर येतो. भेटीच्या क्षणी पाय उलटे पडले तर कुठेतरी एक पाऊल खाल्लं गेलं, हे तिथल्या तिथे कळतं.

दुसरं कारण कानात आहे. ढोलकीवाला समेवर घुमारा देतो आणि ती सम पहिल्याची असते. दुसरा तिच्याकडे ओढला जातो. ढोलकीवाल्याला सांगा, पहिले दोन आठवडे सम दाखवू नकोस, सगळ्या मात्रा सारख्या वजनाच्या वाजव. मन लावून वाजवणाऱ्याला हे जड जातं, पण त्याची कसोटीही तिथेच आहे. दुसऱ्या नर्तकाने आपले सात आकडे ओठांत पुटपुटावेत, आणि दोघांनी सुरुवातीला एकमेकांकडे पाठ करावी. समोरासमोर उभे राहिलात की डोळेच पायांना फसवतात.

पंधरा दिवसांनी हे जमलं की मग समोरासमोर या. १४ व्या ते ४२ व्या मात्रेच्या मधे कुठेतरी प्रेक्षकांना तिसराच नाच दिसू लागतो, जो दोघांपैकी कोणीच करत नसतं. त्याच्यासाठीच हे सगळं.

सोपा जोडधडा हवा असेल तर साठवणीचा करा. जडसनच्याच पिढीतल्या ट्रिशा ब्राउनने १९७१ मध्ये ‘अ‍ॅक्युम्युलेशन’मध्ये अंगठ्याच्या वळण्यापासून सुरुवात केली. पहिली हालचाल, मग पहिली-दुसरी, मग पहिली-दुसरी-तिसरी. १२ हालचालींची रचना केली तर एकूण ७८ हालचाली होतात, प्रत्येकी दोन सेकंद धरले तर २ मिनिटं ३६ सेकंद. पहिली हालचाल बारा वेळा दिसते आणि बारावी एकदाच. म्हणून सुरुवातीला अशीच हालचाल ठेवा, जी बारा वेळा पाहूनही कंटाळवाणी होत नाही. बहुतेक जण आपली सगळ्यांत देखणी हालचाल पहिली टाकतात आणि चौथ्या फेरीला ती शिळी होते.

आम्ही मुलींनी एसटी स्टँडवर दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, नाचा पण हे नको. साध्या उभं राहण्याला एवढा विरोध का? (दापोली)

कारण ते साधं नाही. जडसनच्या नर्तकांनी रोजची चाल रंगमंचावर आणली तेव्हा ती ‘कोणाचीही’ चाल आहे असं मानलं. पण ते बहुतेक गोरे होते, शिकलेले होते, आणि त्यांच्या रस्त्यावर उभं राहण्याला कोणी कारण विचारत नव्हतं. आपल्याकडे मुलगी कामाशिवाय उभी राहिली, किंवा पालखीच्या वाटेवर ज्यांना शतकानुशतकं मागे थांबायला लावलं ते पुढे उभे राहिले, तर त्या उभं राहण्याचा अर्थ लगेच बदलतो. तुमच्या घरच्यांना हे कळलंय, म्हणून ते घाबरलेत. तुमचा प्रयोग नेमका त्याच ठिकाणी बोट ठेवतो. तो करावा असंच आम्हाला वाटतं.

आणि ‘दागिने काढा, शृंगार काढा’ हा नियम सरसकट कोणाला लावू नका. ज्या बायकांना त्यांच्या नाचावरून आणि नटण्यावरून हिणवलं गेलं, त्यांनी तोच शृंगार ताठ मानेनं ठेवणं हेही तितकंच ठाम राजकारण आहे.

करताना मात्र नीट करा. स्टँडची जागा महामंडळाची आहे. आगार व्यवस्थापकांना दिवस, वेळ आणि माणसं लिहून अर्ज द्या, पोचपावती घ्या. फलाटापासून आणि गाड्या मागे घेण्याच्या जागेपासून दूर राहा. गर्दीची वेळ निवडा, शेवटच्या गाडीची नको. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकमेकींना दिसतील अशा, साधारण १५ फुटांवर. दोन मैत्रिणी बाहेर उभ्या ठेवा, ज्यांचं काम फक्त विचारणाऱ्यांशी बोलणं हे असेल. कोणी मुद्दाम त्रास दिला तर थांबायचं आणि सगळ्यांनी एकत्र निघायचं, हे आधी ठरवा आणि त्याचीही तालीम करा. पहिला प्रयोग चार मिनिटांचा करा. उभ्या राहणाऱ्याला दहा मिनिटं वाटतात त्याहून फार मोठी असतात.

दिवे आणि जमीन यांवर कमीत कमी काय खर्च करावा? जागा म्हणजे अंगण किंवा समाजमंदिर. (देवगड)

दोन ५० वॅटचे एलईडी फ्लड, पिवळसर प्रकाशाचे. समोरून लावू नका; समोरच्या प्रकाशात अंग सपाट दिसतं आणि मागच्या भिंतीवर सावल्यांचा गोंधळ होतो. दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर, नाचाच्या जागेपासून सहा-सात फूट बाहेर ठेवा. मग पोटरी आणि मनगट बाजूने उजळतं आणि छोटी हालचालही दिसते. फार तिखट वाटला तर पुढे धोतराचा एकेरी पदर ताणा. जुने ५०० वॅटचे हॅलोजन असतील तर त्यांच्यापुढे कापड अजिबात नको, ते पेटतं.

वीज जाणारच असं धरून चाला. घरातल्या १५० अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टरवर हे दोन दिवे निम्मी बॅटरी आणि वाटेतली गळती धरूनही पाच-सहा तास चालतात. पण बदलताना क्षणभर अंधार होतो आणि निःशब्द रचनेत नर्तक त्यालाच इशारा समजतात. तालमीत दिवा मुद्दाम बंद-चालू करून सवय करा. लाउडस्पीकर नसल्यामुळे रात्री दहाची मर्यादा आड येत नाही, हा या नाचाचा एक फायदा आहे.

समाजमंदिराची फरशी काँक्रीटवर बसवलेली असते आणि अजिबात दबत नाही. तिच्यावर रोज उड्या मारल्या की पंधरा दिवसांत नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागतं. ते दुखणं अंगावर काढू नका. हाडाला बारीक भेग जाऊ शकते. पैसे नसतील तर उड्या रचनेतून काढा, हे सगळ्यांत स्वस्त. थोडे असतील तर १२ मिलिमीटर जाडीच्या ८ बाय ४ फुटांच्या सहा प्लायवूड शीट आणा. दोन लांबीत, तीन रुंदीत मांडल्या की १६ बाय १२ फुटांची जागा होते. खाली मुलांच्या खोलीत टाकतात त्या फोमच्या मॅट टाका, पण त्यांचे सांधे प्लायच्या सांध्यांखाली येऊ देऊ नका, नाहीतर पाय पडला की कडा उचलते आणि अंगठा अडकतो. वरून रुंद चिकटपट्टी.

सारवलेलं अंगण पायाला बरं. आदल्या सकाळी सारवा, म्हणजे नीट वाळतं. ओलसर राहिलं तर घसरतं आणि जास्त वाळलं तर पापुद्रे सुटतात. दव पडायच्या दिवसांत रात्री नऊनंतर पुन्हा निसरडं होतं, तेव्हा प्रयोग सातला. चिऱ्याच्या अंगणात अनवाणी सरपटायच्या हालचाली ठेवू नका.

दे कीर्समाकर यांचा खुर्च्यांवरचा नाच शाळेत केला तर चोरी होईल का? (राजापूर)

‘रोझास दान्स्त रोझास’ (१९८३) म्हणत असाल तर नाही. त्यातल्या हालचाली एका गाजलेल्या पॉप व्हिडिओत न विचारता वापरल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्यावरून वाद झाला. त्यानंतर २०१३ मध्ये त्यांच्याच कंपनीने खुर्च्यांच्या भागाचे धडे लोकांसाठी खुले केले आणि स्वतःची आवृत्ती करायचं आमंत्रण दिलं. मूळ रचनेचं नाव सांगा आणि खुशाल करा. उलट ‘ट्रायो ए’ला हात लावू नका, रेनर यांनी सुरुवातीला तो कोणालाही शिकू दिला होता, पण वाटेत तो बिघडत गेला आणि नंतर तो अधिकृत शिकवणाऱ्यांकडूनच शिकायचा असा दंडक आला.

खुर्च्या मात्र बघून घ्या. शाळेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय बाहेर फाकतात आणि जोरात बसलं की गुळगुळीत फरशीवर सरकतात. सायकलची जुनी ट्यूब दोन-दोन इंचांच्या तुकड्यांत कापा आणि चारही पायांच्या टोकांना घट्ट चढवा. दर तालमीआधी प्रत्येक खुर्ची एकदा मागे रेलून तपासा. मागच्या पायाच्या वळणाशी पांढरी रेघ दिसली की ती खुर्ची बाजूला काढा, ती तिथेच मोडते.